राजहंसगडाच्या चढाखाली फुटलेले कॅन

आज सकाळी बेळगावजवळच्या येळ्ळूरकडून राजहंसगडावर पळायला आलेली भरतीची पोरं चढाच्या पायथ्याशीच एनर्जी ड्रिंक रिचवत होती. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

कॅफीन काम करतं, यात शंका नाही. मेंदूला थकव्याचा निरोप देणाऱ्या ॲडेनोसिनची जागा ते अडवतं. म्हणून तोच वेग थोडा सोपा वाटतो. दमणुकीच्या ६ ते २० च्या बोर्ग मोजपट्टीवर आकडा खाली येतो. पण अभ्यासांत हा फायदा बहुतेक वेळा वजनाच्या किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅमला दिसतो. ६० किलोच्या पोराला किमान १८० मिलिग्रॅम लागेल. २५० मिलीच्या नेहमीच्या कॅनमध्ये साधारण ७५ असतं. दोन कॅन झाले तरी १८० भरत नाही, आणि ५०० मिली मात्र होतात, म्हणजे डब्यावर छापलेली दिवसाची मर्यादा तिथंच संपली! शिवाय साखर पन्नासएक ग्रॅम.

वेळही चुकते. कॅफीनचा जोर पाऊण ते एक तासानं येतो, तोवर चढ संपलेला असतो. उलट घट्ट साखरपाणी पोटात रेंगाळतं, गॅसनं पोट फुगतं, बरगडीखाली कळ येते.

मला खरी काळजी उन्हाची वाटते. दम कमी जाणवला म्हणून अंगातली उष्णता कमी होत नाही. छातीत धडधडलं, चक्कर आली तर तिथंच थांबा रे पोरांनो. आणि संध्याकाळच्या सरावाआधी तर नकोच; पाचेक तासांनीही निम्मं कॅफीन अंगात असतं, झोप जाते.