त्याच उंदराला पुन्हा पुन्हा का?

उंदरांच्या मेंदूचं पेट (PET) स्कॅनिंग, म्हणजे टोचलेल्या किरणोत्सारी द्रव्यावरून आतलं चित्र काढायचं काम, करते म्हटलं, की सोसायटीच्या गच्चीवर काय आणि लग्नाच्या पंगतीत काय, ठरलेला प्रश्न येतो: "एकदा फोटो काढलात ना? मग त्याच उंदराला परत परत कशाला छळता? सोडा की बिचाऱ्याला!" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

फोटो हवा असता तर एकदाच भागलं असतं. आम्हाला आकडा हवा असतो: मेंदूचा अमुक भाग किती ग्लुकोज घेतो आणि महिन्याभरात त्यात किती फरक पडला. 1977 साली सोकोलॉफ आणि सहकाऱ्यांनी हे मोजायची पद्धत मांडली, तेव्हा मेंदू काढून त्याचे पातळ काप करावे लागत. एक उंदीर, एकच मोजणी. आता तोच उंदीर स्वतःशीच ताडून बघता येतो, त्यामुळे उंदीर कमी लागतात.

पण दोन्ही वेळी सगळं सारखं हवं, आणि तिथेच घाम फुटतो. आम्ही टोचतो ते एफडीजी, म्हणजे किरणोत्सारी खूण लावलेली ग्लुकोजसारखी साखर. त्याचा किरणोत्सार दर 110 मिनिटांनी निम्मा होतो. डोसची गाडी चांदणी चौकात अडकली म्हणून तो थांबत नाही. डोस मोजायच्या यंत्राच्या आणि स्कॅनरच्या घड्याळांत 5 मिनिटांचा फरक असला, तर आकडा 3 टक्क्यांनी चुकलाच. सुई शेपटीच्या शिरेत नीट बसली नाही, तर डोस तिथेच अडकतो; म्हणून मी आधी शेपटी बघते, मेंदू नंतर. उंदीर गारठला की खांद्यांमधली तपकिरी चरबी ग्लुकोज ओढते. भुलीने तर मेंदूच मंदावतो. म्हणून जमेल तेव्हा जागेपणी टोचतो, पाऊण तास पिंजऱ्यात मोकळा ठेवतो, मग भूल. एफडीजी पेशीत अडकून राहत असल्याने चित्र बरंचसं जागेपणीचं येतं.

सगळ्यांत फसवं प्रकरण वजनाचं. डोस आम्ही वजनाच्या हिशेबात धरतो. दोन महिन्यांत उंदीर गुबगुबीत झाला, तर मेंदू होता तसाच असूनही आकडा वाढतो, कारण चरबी फारसं ग्लुकोज घेत नाही, पण हिशेबात तिचं वजन धरलं जातं. हे न तपासता कुणी 'मेंदू जास्त ग्लुकोज घेतोय' म्हणून लालभडक नकाशे दाखवले, की माझं डोकंच फिरतं.

आता छळाचं. उंदीर कमी लागतात हे खरं, पण त्या एकाच्या वाट्याला भूल जास्त वेळा येते. ती किती वेळा, किती अंतराने, हे एथिक्स कमिटीकडून आधी मंजूर करून घ्यावं लागतं. आणि सोडायचं म्हणाल, तर पिंजऱ्यात वाढलेला पांढरा उंदीर पाषाणच्या टेकडीवर एक रात्रही काढणार नाही. शेवटच्या स्कॅननंतर बहुतेकदा मेंदूचे काप करून आमचा आकडा पडताळतात, तेव्हा तोही जातोच.