हरिहरेश्वरची प्रदक्षिणा, पण भरती बघूनच

हरिहरेश्वरला जाताय तर आधी हॉटेल नाही, तिथी बघा! देवळामागे डोंगराला वळसा घालून जी प्रदक्षिणा आहे ना तिचा बराचसा भाग समुद्राच्या खडकांवरून जातो आणि भरतीला तो चक्क पाण्याखाली असतो. कोकणातला जुना हिशोब सोप्पा आहे, तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे अष्टमी असेल तर साधारण सहाला पूर्ण भरती, आणि मग सहा तासांनी ओहोटी. पावसाळ्यात मात्र तिकडे फिरकूच नका.

आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वर, मग पायऱ्या उतरून खाली. खाली खडकांना लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने अशी जाळी पाडलीय की हात लावल्याशिवाय राहवत नाही, भोकाभोकातून छोटे खेकडे सटकतात. शेवाळावर जपून हं, चपला ग्रिपवाल्या हव्यात.

बीच ठीकठाक, वीकेंडला गर्दीच. त्यापेक्षा बागमांडल्याला जा, गाडी फेरीबोटीत टाकून सावित्रीची खाडी ओलांडा, पलीकडे वेसवी आणि पुढे बाणकोटचा किल्ला. जांभ्या दगडाचा, छोटासाच आहे पण खाडीचं मुख काय दिसतं वरून! परतीची शेवटची बोट किती वाजता ते आधीच विचारून ठेवा.