वाळवलेल्या मक्याचं घटलेलं वजन कोणाच्या माथी?

ट्रक संध्याकाळी यायचा होता. दुपारपर्यंत संकलन केंद्रात गटातल्या शेतकऱ्यांची मक्याची पोती थप्पीला लागली. खरेदीदाराशी करार १३.५ टक्के ओलाव्याचा, एकच भाव, त्याहून ओला माल परत. पोत्यात पोकळ सळई वर, मध्ये, तळाशी खुपसून आम्ही दाणे काढत होतो आणि ओलावा मोजणाऱ्या मीटरला लावत होतो. सुरुवातीची पोती १३ च्या आसपास निघाली, मग ओळीने १८.

उन्हातून आलेला गरम दाणा मीटरला फसवतो, म्हणून नमुने सावलीत गार करून पुन्हा लावले. मिठानेही पाहिलं: कोरड्या काचेच्या बरणीत दाणे आणि दोन-तीन चमचे कोरडं मीठ घालून हलवायचं. मीठ काचेला चिकटलं, तर ओलावा १५ च्या वर. चिकटलं.

सुका-ओला एकत्र करून सरासरी काढू, असं कोणीतरी सुचवलं. ते मुळीच करू नये. थप्पीत ओली पोती तापतात, बुरशी धरते. तिचं विष, अफ्लाटॉक्सिन, शिजवूनही जात नाही आणि मोजक्या दाण्यांत साठत असल्याने नमुन्यातून सहज निसटतं.

मग एका शेतकऱ्याने विचारलं, "वाळवायला येतं आम्हांला. घटलेलं वजन कोण भरून देणार?"

खडूने जमिनीवरच हिशेब मांडला. १८ टक्क्यांच्या १००० किलोंत कोरडा माल ८२०. भागिले ०.८६५, म्हणजे १३.५ टक्क्यांना ९४८ किलो. ५२ किलो पाणी उडालं. वाळलेल्या मालाचा भाव ओल्यापेक्षा साडेपाच टक्के चढा असेल तेव्हा कुठे पैसे तेवढेच हाती येतात. ताडपत्री आणि मजुरी वेगळीच. गावातला व्यापारी ओलाच माल रोखीने उचलतो. म्हणजे न वाळवणाऱ्याचा हिशेब बरोबर होता, चूक आमच्या करारात होती. वाळवणीची प्रशिक्षणं देत राहिलो आणि भावाच्या कलमाकडे कोणी पाहिलंच नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

ट्रक सुकी पोतीच घेऊन गेला. बाकीचा मका ताडपत्रीवर दोन-तीन बोटं जाडीचा पसरला, दिवसभर वरखाली केला, रात्री झाकला. तिसऱ्या दुपारी आकडा १३ वर आला.

खरेदीदाराला पाठवलेल्या नव्या मसुद्यात एकच कलम बदललं: कुठल्याही ओलाव्याचं वजन १३.५ टक्क्यांवर आणून मोजायचं आणि पैसे त्यावर द्यायचे. १८ टक्क्यांवाल्याचे १००० किलो मग ९४८ धरले जातात, १२ टक्क्यांपर्यंत वाळवणाऱ्याचे १०१७.