तुम्ही विचारलंत म्हणून: ताकद वाढवली की ब्रेकही मोठे हवेत का?

गाडी रिमॅप करून घेतली, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवली, की गिऱ्हाईक हमखास विचारतं, "आता डिस्कही मोठ्या टाकायच्या ना?" डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी चकती, ब्रेक दाबला की पॅड तिलाच आवळतात. मी आधी टायर बघतो, मग ब्रेक ऑइल कधी बदललं ते विचारतो. त्यांना वाटतं मी विषय टाळतोय. टाळत नाही हो, उत्तराची सुरुवातच तिथून होते.

ताशी १०० वर ब्रेक गच्च दाबला आणि एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) थरथरलं, म्हणजे ब्रेकने आपलं काम केलं. पुढचं सगळं टायरच्या पकडीवर. तिथे डिस्क वाढवून गाडी आधी थांबत नाही. हे मी कितीदा सांगितलंय!

एका गिऱ्हाइकासोबत आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरत होतो. पुढच्या डिस्क मोठ्या, कॅलिपर (डिस्क आवळणारे चिमटे) लालभडक, दुसरीकडून बसवून आणलेले. ऑइल मात्र जुनंच. गाडी चौथ्या गिअरमध्ये, प्रत्येक वळणाला ब्रेक. आधी जळका वास आला. मग तो म्हणाला, "दादा, पेडल मऊ लागतंय." पुढच्याच वळणाला पेडल तळाला टेकलं. "तिसरा टाक! आता दुसरा!" मी ओरडलो. इंजिन किंचाळलं, पण त्यानेच गाडी धरली. हॅन्डब्रेक हळूहळू ओढत डोंगराच्या कडेला लागलो. त्याचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. नंतर तो डिस्कवर पाणी ओतायला निघाला, तेव्हा मनगट धरलं. तापलेली डिस्क तडकली असती. ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं, तर ऑइल कोऱ्या चहासारखं. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल पिऊन जुनं झालं की १५५ च्या आसपासच उकळू शकतं. मग नळीत वाफ होते आणि पायाचा जोर त्या वाफेतच जिरतो.

म्हणजे मोठ्या डिस्क फुकट? तसंही नाही. ताकदीचा आणि ब्रेकचा संबंधच नाही, असं मी पूर्वी ठणकावून सांगायचो. पण दोन वळणांमध्ये जी गाडी ८० गाठायची ती आता १०० गाठते, आणि थांबवताना दीडपटीहून जास्त उष्णता डिस्कवर येते. कोईंबतूरच्या कारी रेस ट्रॅकवर फेऱ्या मारणाऱ्याला जाड, मोठी डिस्क हवीच. घाटात रोज तशीच हाणणाऱ्यालाही हवी.

म्हणून मी विचारतो, "चालवणार कशी?" सगळे म्हणतात, "शांतपणे." मग एवढे पैसे घालून ताकद वाढवली कशाला, हे कुणी सांगत नाही, आणि डिस्कचं उत्तर तिथेच अडतं.