जनेल मात धांपूं नाका

आमच्या घरातलं मेज आजोबांचं. शिसवी लाकडाचं, कडेला वेलबुट्टी कोरलेलं, गोवा मुक्त व्हायच्या, १९६१च्या आधीचं. आजोबा त्यावर जमाखर्च लिहीत, मी त्यावर लोकांच्या पुस्तकांतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारतो. मेज जनेलाला, म्हणजे खिडकीला, टेकून ठेवलेलं आहे. जनेलाबाहेर शेजाऱ्यांचं कुळागर. सुपारी, तिच्यावर चढलेली मिरवेल, मध्ये केळी. या दृश्याचा माझ्या कामाला उपयोग शून्य, आणि त्याच्याशिवाय काम होत नाही.

मुद्रितशोधन हे मुळात दोघांचं काम. छापखान्यात एकजण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा, दुसरा प्रूफावर पेन्सिल फिरवायचा. आता दोघांच्या जागी मी एकटा आणि समोर एक लॅपटॉप. लेखकाची मूळ पीडीएफ एका खिडकीत, टाइप केलेला मजकूर दुसऱ्या खिडकीत. या खिडकीतून त्या खिडकीत उडी मारताना एखादी वेलांटी वाटेत सांडतेच. गेल्या वर्षी एका स्मरणिकेच्या पहिल्याच पानावर ‘वर्धापनदीन’ छापून आलं. दिवस दीन झाला, आणि तो माझ्या हातून गेला होता. त्या संध्याकाळी ठरवलं, दुसरा स्क्रीन घ्यायचा.

“दोन कित्याक? एक पुरो रे,” आई म्हणाली. घरात आमची कोंकणी, कागदावर मराठी. दोन-दोन भाषा लागणाऱ्या घराला दोन स्क्रीन का खटकावेत कळेना, पण आईशी असा वाद घालत नाहीत. जाता जाता तिने एकच अट घातली, “जनेल मात धांपूं नाका हां.” खिडकी मात्र झाकायची नाही.

मित्रांचा सल्ला ठरलेला : २७ इंची घे, डोळे मिटून. मी डोळे उघडे ठेवून शिंप्याची टेप काढली. स्क्रीनचे इंच हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपे मोजतात, मेजाला मात्र आडवे-उभे सेंटिमीटर समजतात. २७ इंची म्हणजे रुंदी साठ, उंची चौतीसच्या आसपास. पंख्याच्या खोक्याचा पुठ्ठा त्या मापाने कापून मेजावर उभा केला. सुपारी गेली, मिरवेल गेली, केळीच्या एका पानाचं टोक तेवढं उरलं. शिवाय मेजाची खोली पन्नास सेंटिमीटर. डोळा आणि स्क्रीन यांत हातभर अंतर हवं म्हणतात, इथे जेमतेम तेवढं मिळतं. इतक्या जवळून एवढा मोठा स्क्रीन वाचायचा म्हणजे या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात मान फिरवत बसायचं. पुठ्ठा वाया गेला नाही. मे महिना होता, आईने त्यावर सोलां, म्हणजे आमसुलं, वाळत घातली.

पणजीला १८ जून रस्त्यावरून आत वळल्यावर एका दुकानात गेलो. दुकानांतल्या मॉनिटरांवर कायम समुद्राच्या तळाचं दृश्य चालू असतं. निळे मासे, केशरी प्रवाळ. त्या चित्रावर कुठलाही स्क्रीन सुंदरच दिसतो. मी खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि म्हटलं, हे पान उघडा. पानावर मी मुद्दाम ‘उद्योग’, ‘बुद्धी’, ‘पट्टी’, ‘ऱ्हस्व’ अशी अडचणीची मंडळी बारीक टायपात बसवून नेली होती. दुकानातल्या मुलाने एकदा पानाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. त्याच्याकडे गेम खेळणारी पोरं येतात, सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं ते विचारतात. द्य आणि ध्य वेगळे दिसतात का, हे विचारणारा मी पहिलाच असणार.

आणि इथे २७ इंचीचं बिंग फुटलं. स्वस्तातल्या २७ इंचीत ठिपके तेवढेच असतात जेवढे २४ इंचीत, १९२० बाय १०८०. फक्त ते जास्त जागेवर पसरलेले. इंचाला ८२ च्या आसपास ठिपके. २४ इंचीत तेच ९२ होतात. इंग्रजी अक्षराला हा फरक सोसतो. देवनागरीत मात्र द च्या पोटाशी लटकलेल्या बारक्या य ला लागतात तेवढे ठिपकेच मिळत नाहीत, ‘उद्योग’ काजळी धरल्यासारखा दिसतो. २५६० बाय १४४० चा २७ इंची स्वच्छ होता, १०९ ठिपक्यांचा, पण त्याची किंमत ऐकून मी पुन्हा मासे पाहायला लागलो.

२४ इंची आडवा ठेवला तर त्याची उंची तीस सेंटिमीटर. ए-फोर कागद २९.७. म्हणजे पान खऱ्या मापात बरोब्बर बसतं, आणि विंडोजच्या त्या खालच्या पट्टीमुळे पानाची शेवटची ओळ कायम बुडालेली राहते. तळटीपा वाचणाऱ्या माणसाला हा छळ आहे. पण तोच स्क्रीन उभा केला की रुंदी तीस, उंची त्रेपन्न; अख्खं पान जवळजवळ दीडपट मोठं होऊन, तळटीपेसकट समोर. मॉनिटर उभा करता येतो हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं! फक्त स्टँड फिरणारा हवा आणि पॅनल आयपीएस प्रकारचं हवं, नाहीतर उभा केल्यावर बाजूने बघताना पांढरं पान फिकट-मळकट दिसतं.

स्टँडऐवजी भिंतीवर बसवायचा विचार आला होता. मॉनिटरच्या पाठीला शंभर मिलिमीटर अंतरावर चार भोकं असतात, तिथे पट्टी लावायची. मेस्ताने, म्हणजे मिस्त्रीने, भिंतीवर बोटाने दोनदा टकटक केलं, आतली चिऱ्यामागची माती सुरसुरली. “हांगा खिळो रावचो ना,” एवढं बोलून तो चहाला बसला. मेजाच्या कडेला चिमटा लावावा तर तिथे वेलबुट्टी. शेवटी फिरणाऱ्या स्टँडचाच घेतला, साडेनऊ हजारांना.

तो आता मेजाच्या डाव्या टोकाला उभा आहे. जनेलाचं डावं दार त्याच्यामागे गेलं, उजवं मोकळं. आईने येऊन पाहिलं, उजव्या दारातून केळी दिसतात याची खात्री केली आणि काही न बोलता गेली. पावसात डावं दार तसंही फुगून बसतं, उघडत नाही, हे मी तिला सांगितलं नाही. ते तिला माहीत आहेच.

जूनच्या पहिल्या पावसाला रात्री वीज गेली. इन्व्हर्टरवर घरात उजेड काय तो त्या उभ्या पांढऱ्या पानाचा. वाळवीची पाखरं त्यावर येऊन आपटायला लागली, आणि मागोमाग भिंतीवरची पाल. पाखरं संपली तरी ती हलेना. दुसऱ्या परिच्छेदावर पोट टेकून बसली, पोटातून पानाचा उजेड अंधुक दिसत होता. एका अनुस्वाराकडे तिने बराच वेळ टक लावली. तो हलत नाही म्हणून सोडला. मग मी माउस हलवला आणि बाणावर तिने झडप घातली. बाण खाली नेला, ती खाली. ओळीच्या शेवटी नेला, ती तिथे. सातव्या ओळीत ‘परीणाम’ असं पडलं होतं. बाण मी त्या दीर्घ वेलांटीवर नेऊन थांबवला. पालही थांबली.