टाचेतला पुठ्ठा आणि सुभाषनगरची वेणी

गेल्या पावसाळ्यात माझ्या ‘कोल्हापुरी’च्या टाचेतून पुठ्ठा बाहेर आला. हायवेवरच्या एका दुकानातून साडेतीनशे रुपयांना घेतली होती. वर रेक्झिन, आत भिजून फुगलेले कागदाचे थर. पैसे गेल्याचं फार वाटलं नाही. वाईट वाटलं ते याचं, की माझे आजोबा जिच्यासाठी मुद्दाम कोल्हापूरला जायचे, ती वस्तू मला ओळखतासुद्धा आली नाही. म्हणून या फेब्रुवारीत ठरवून कोल्हापूर गाठलं. अंबाबाईचं दर्शन झालं, मिसळ झाली, आणि पुढचे दोन दिवस फक्त चपलांसाठी ठेवले.

शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाइनीत प्रत्येक पाटीवर ‘अस्सल’ लिहिलेलं आहे. एका दुकानदारकाकांना मी सरळच विचारलं, ओळखायचं कसं? त्यांनी जोड हातात दिला. ‘वजन बघा. वास घ्या. आन् तळाची शिवण बघा, दोऱ्याची हाय का चामड्याची.’ २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते आपल्याकडच्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. मला हे काकांकडूनच कळलं. ‘अथणीचा माल पण कोल्हापुरीच, ताई. नाव आमचं, हात दोन्हीकडचं.’ अथणी हे बेळगाव जिल्ह्यातलं गाव.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याच ओळखीनं कातडी कमावण्याच्या एका जागी गेले. तिथं वास आधी पोचतो, जागा नंतर दिसते. नाकाला रुमाल लावावासा वाटला, पण समोर माणसं त्याच वासात काम करत होती. रुमाल पर्समध्येच राहू दिला.

मिठातलं म्हशीचं कातडं धुऊन चुन्याच्या पाण्यात ठेवतात, म्हणजे केस सुटतात. मग आतलं मांस खरवडून काढायचं. त्यापुढचा भाग मी तासभर उभी राहून बघितला. सबंध कातडं कडेनं शिवून त्याची पिशवी करतात, ती आडव्या लाकडाला टांगतात आणि बाभळीची साल नि हिरडा घातलेलं पाणी तिच्यात ओततात. पाणी कातड्यातून झिरपत खाली ठिबकतं, ते गोळा करून पुन्हा वर. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगायची, म्हणजे वरची बाजूही पुरती कमावली जाते. महिनाभर तरी असं चालतं. कारखान्यात क्रोमच्या क्षारांनी हेच काम एक-दोन दिवसांत उरकतं, पण ते सांडपाणी नीट शुद्ध केलं नाही तर क्रोमियम ओढ्या-नाल्यांत उतरतं.

तरी बाभूळ-हिरडा म्हटलं की सगळं आलबेल, असं लिहिलं तर ते खोटं होईल. चुन्याच्या हौदात हात घालणाऱ्या तिथल्या एका आजोबांकडे हातमोजे नव्हते. नखं कायमची तपकिरी झालेली, बोटांना भेगा. ढोर समाजानं कातडी कमावली, चर्मकार समाजानं चपला शिवल्या आणि त्याच कामावर बोट ठेवून गावानं दोघांनाही दूर ठेवलं. शाहू महाराजांनी या धंद्याला आधार दिला, हे इथं अजून अभिमानानं सांगतात. पण पोरं आता यात का येत नाहीत, याचं उत्तर नुसतं पैशात नाही. आजोबांच्या नातवानं मला स्पष्ट सांगितलं, ‘कॉलेजात काय सांगू, घरी काय करतात म्हणून?’ मला उत्तर देता आलं नाही.

दुपारी सुभाषनगर, कोल्हापुरातली चपला करणाऱ्यांची वस्ती. एका घराच्या ओसरीवर मावशी वेणी घालत बसल्या होत्या. चामड्याच्या पट्टीचं एक टोक अखंड ठेवून बाकीची रापीनं, म्हणजे चामडं कापायच्या हत्यारानं, दोऱ्याइतकी बारीक चिरलेली. ते टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं, आणि बोटं चालूच. मधूनच वाटीतल्या पाण्यात बोट बुडवून पेडांवरून फिरवायच्या. ‘वाळलं चामडं ऐकत न्हाई.’ डाव्या-उजव्या पायाची वेणी एकसारखी उतरली पाहिजे, नाहीतर व्यापारी जोड परत पाठवतो. दिवसाला किती मिळतात, विचारलं. ‘नगावर मिळतंय, ताई. येळ कोण मोजतंय?’

हे ऐकल्यावर मी वही मिटली. दुकानात घासाघीस करून आपण जे शंभर-दोनशे सोडवतो, ते शेवटी या ओसरीवरूनच सुटत असणार.

घरच्या काकांनी दुरुस्तीला आलेल्या एका जोडाचा तळ उकलून दाखवला. चामड्याचेच थर, वरचा पट्टा धरून ठेवणारे बाजूचे कान दोन थरांच्या मध्ये अडकवलेले, शिवण चामड्याच्या वादीची. खिळा एकही नाही. मी पुठ्ठ्याची हकिकत सांगितली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. ‘तसली फाटली की लोक म्हणतात, कोल्हापुरी टिकत न्हाई. बदनाम आम्ही होतो.’

त्यांचा मुलगा उरलेल्या तुकड्यांची पाकिटं आणि कंबरपट्टे करतो. पट्ट्याच्या कडेला आईच्याच हातची वेणी. मी एक पाकीट घेतलं. आतल्या कप्प्याची शिवण जरा वाकडी आहे, ती मला आवडते.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं याच वळणाच्या चपला दाखवल्या. तेव्हा कोल्हापूरचं नावही घेतलं नव्हतं. इकडे गदारोळ झाल्यावर भारतीय कारागिरीतून प्रेरणा घेतल्याचं कंपनीनं मान्य केलं. मावशींना ही बातमी ठाऊक होती. त्यांनी एकच विचारलं, ‘तिकडं वेणी कोण घालतंय ओ?’

मी कापशी चपलेची मागणी नोंदवली. कागल तालुक्यातल्या सेनापती कापशी गावाचं नाव या घडणीला पडलंय. किंमत बावीसशे सांगितली, तेवढीच दिली. काकांनी जमिनीवर जुना ‘पुढारी’ पसरला, माझा पाय त्यावर ठेवायला लावला आणि पेन्सिलीनं कडेकडेनं रेघ ओढली. मग दुसरा पाय. ‘डावा जरा मोठा हाय तुमचा,’ म्हणाले. आजवर कुठल्याही दुकानात हे कुणी सांगितलं नव्हतं.

मावशींनी तो कागद घडी करून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. तिथं आधीचे सात-आठ पाय लटकत होते. ‘नंबर लागंल तसं हुईल. पावसाच्या आत पाठवतो, पत्ता नीट लिवा.’