दाब टिकून होता, काळजी त्याचीच होती

मी रिझर्व्हॉयर इंजिनिअर. बरीच वर्षं समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर काढली, आता नागपुरात वर्धा रोडवरच्या एका लहान ऑफिसातून तेल आणि गॅसच्या साठ्यांचे अभ्यास करून देतो. विहिरी कुठेतरी दूर, आकडे इथे येतात. ओळख सांगितली की इथले लोक विचारतात, ‘आमच्या बोअरला मोटार टाकल्याशिवाय पाणी वर येत नाही जी, मग दोन-तीन किलोमीटर खालचं तेल आपोआप कसं येते?’ हा प्रश्न मला फार आवडतो, कारण आमच्या कामाचं मूळ तिथेच आहे.

तेलाला वर ढकलणारी ताकद खालीच असते. तेलात विरघळलेला वायू दाब उतरला की सुटतो, फुगतो आणि तेलाला पुढे रेटतो. कुठे तेलाच्या डोक्यावर वायूची टोपी असते, ती पसरत खाली येते. कुठे खालून किंवा बाजूने पाणी सरकतं आणि रिकामी होणारी जागा भरून काढतं. काही ठिकाणी खडकच दबतो. कॅलिफोर्नियातल्या विल्मिंग्टनमध्ये तेल काढता काढता वरची जमीन सुमारे 9 मीटर खचली. नुसत्या विरघळलेल्या वायूवर चालणाऱ्या साठ्यातून साधारण 5 ते 30 टक्केच तेल हाती लागतं, पाण्याचा जोर चांगला असला तर 35 ते 75 टक्क्यांपर्यंत. 1930 साली सापडलेलं ईस्ट टेक्सास हे पाण्याच्या जोराचं नावाजलेलं उदाहरण. तिथे विहिरींची इतकी गर्दी झाली आणि तेल इतकं उपसलं गेलं की 1931 मध्ये गव्हर्नरला लष्कर पाठवावं लागलं. पुढे तेलाबरोबर येणारं खारं पाणी परत जमिनीत सोडायला लागले, तेव्हा दाब सावरला. आपल्या मुंबई हायमध्येही 1984 पासून समुद्राचं पाणी आत सोडतात, कारण निसर्गाचा जोर पुरणारा नव्हता.

तेलवाल्याला पाणी सोबती वाटतं ते यामुळे. गॅसचं गणित मात्र उलटं आहे, आणि त्या दिवशी सगळा पेच तिथेच होता.

काम एका गॅसक्षेत्राचं होतं. क्षेत्राचं आणि कंपनीचं नाव सांगत नाही. वाळूखडकाचा साठा, मोजक्या विहिरी, काही वर्षांचं उत्पादन. दाब उतरल्यावरही गॅस वर ओढून पाइपलाइनमध्ये ढकलता यावा म्हणून कंपनीला कॉम्प्रेसर बसवायचे होते आणि त्याआधी जमिनीखाली किती गॅस आहे याचा आकडा हवा होता. संध्याकाळी कॉल ठरला होता. मे महिना, कूलर जोरात सुरू, दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नाही. आमची ज्युनिअर मुलगी पी बाय झेडचा आलेख घेऊन आली.

आलेख साधा असतो. साठ्यातला दाब घ्यायचा, त्याला झेड या गुणकाने भागायचं (खरा वायू आदर्श वायूपेक्षा किती वेगळा वागतो ते हा गुणक सांगतो) आणि आतापर्यंत काढलेल्या गॅससमोर तो मांडायचा. साठा चहूबाजूंनी बंद असेल तर बिंदू सरळ रेषेत उतरतात. ती रेषा वाढवून आडव्या अक्षाला टेकवली की सुरुवातीला किती गॅस होता ते कळतं.

‘सर, रेघ एकदम सरळ येऊन राहिली,’ ती म्हणाली. ‘आणि आकडा नकाशाच्या हिशेबाच्या जवळपास दीडपट आहे. कंपनीवाले खूश होतील.’

रेघ खरंच सरळ होती. मला खटकला तो दीडपट. खडकाची जाडी, सच्छिद्रता आणि पसारा यांवरून भूवैज्ञानिकांनी काढलेला आकडा चुकू शकतो. पण इतका चुकायला कुठेतरी मोठा खडक नजरेतून सुटलेला असायला हवा, आणि भूकंपलहरींच्या सर्वेक्षणात तसं काही दिसत नव्हतं. बाहेरून पाणी आत येत असलं तर दाब जितका उतरायला हवा तितका उतरत नाही. सुरुवातीचे थोडे बिंदू आणि दाबमापकाची थोडीफार चूक, एवढ्यावर पुढे येणारा बाक डोळ्याला दिसत नाही. रेघ सरळच वाटते, फक्त उतार कमी होतो. आणि उतार कमी झाला की ती दूर जाऊन टेकते.

‘पाण्याच्या चाचण्या कुठे आहेत?’ मी विचारलं.

‘पाणी तर अगदी थोडंच येते सर. सगळ्याच विहिरींत येते.’

‘किती येते ते नाही. खारट किती आहे?’

फाईल दुसऱ्याच फोल्डरमध्ये होती, स्कॅन केलेली, तिरपी पानं. गॅसबरोबर वाफेच्या रूपात येणारं पाणी वर येताना थंड होऊन सुटतं. ते जवळजवळ गोडं असतं, क्लोराइड फार तर लिटरमागे काहीशे मिलिग्रॅम. खडकातलं पाणी हजारांत बोलतं. आम्ही दोघांनी एकेक पान वाचत विहीरवार आकडे उतरवले. वरच्या अंगाच्या विहिरी स्वच्छ होत्या. उताराच्या टोकाला असलेल्या, सगळ्यांत खालच्या विहिरीचे क्लोराइड मात्र एका चाचणीपासून पुढे चढत गेले होते, आणि शेवटच्या पानावर त्यांनी हजाराचा आकडा ओलांडला होता. पाण्याचं प्रमाण तेवढंच असल्याने कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मुलगी गप्प झाली, मग स्वतःच म्हणाली, ‘कोल प्लॉट काढून पाहू काय?’ यासाठी तिचं कौतुक वाटतं. कोल प्लॉट म्हणजे साठ्यात पाणी शिरतंय का ते तपासायचा आणखी एक आलेख. त्यात बंद साठ्याचे बिंदू आडव्या रेषेत राहतात, पाणी येत असेल तर ती रेषा सोडतात, सुरुवातीला वर सरकतात. जे बाक पहिला आलेख लपवतो, ते इथे मोठे होऊन दिसतात. बिंदू वर चालले होते. पाण्याच्या आवकीचा हिशेब घालून गणित पुन्हा मांडलं, तेव्हा गॅसचा आकडा नकाशाच्या आकड्याशेजारी येऊन बसला.

कॉलवर खरी अडचण आली. कंपनीच्या बाजूचे साहेब म्हणाले, ‘पाणी आत येतंय म्हणजे दाब टिकतोय, चांगलंच आहे की.’ त्यांची सगळी कारकीर्द तेलात गेली होती, त्यामुळे असं वाटणं स्वाभाविक होतं. मी त्यांना सावकाश समजावलं. पाणी खडकात शिरतं तेव्हा सगळा गॅस पुढे ढकलत नाही. बराचसा गॅस छिद्रांमध्ये सुटे बुडबुडे होऊन अडकतो आणि मग हलत नाही. त्या अडकलेल्या गॅसची जागा तेवढीच, पण दाब जितका जास्त, तितका त्याच जागेत गॅस जास्त. म्हणजे दाब टिकला की जास्त गॅस कायमचा खाली राहतो. बंद साठ्यातून नुसता दाब उतरवत 80-90 टक्के गॅस निघू शकतो; पाण्याचा जोर असलेल्या साठ्यात हे प्रमाण अनेकदा 50 ते 70 टक्क्यांवर येतं. शिवाय विहिरीत पाणी साचलं की गॅसला ते उचलवत नाही आणि विहीर बसते. कॉम्प्रेसरचा सगळा हिशेब तर दाब अगदी खालपर्यंत उतरवता येईल या गृहीतावरच उभा होता.

साहेबांनी मधेच विचारलं, ‘मग गॅस लवकर उपसून घेतला तर?’ प्रश्न अगदी नेमका होता. पाणी मंद असेल तर वेगाने काढून त्याच्या पुढे राहता येतं, दाब आधीच उतरतो आणि अडकणारा गॅस कमी होतो. पण खालच्या विहिरीवर जोर दिला तर तीच पाणी ओढून घेईल. आम्ही सुचवलं की खालची विहीर आवळा, वरच्या विहिरींचा दर वाढवा, कॉम्प्रेसरची ऑर्डर थांबवा आणि वरच्या विहिरी बंद ठेवून साठ्याचा दाब नव्याने मोजा.

विहिरी बंद ठेवायच्या म्हणजे तेवढ्या दिवसांचं उत्पन्न बुडालं, त्यावर बराच वाद झाला. शेवटी ते तयार झाले. नवीन दाब आले तेव्हा ते आमच्या पाण्याच्या हिशेबाशी जुळले. दीडपटीच्या रेषेवर ते बसले नाहीत. काही महिन्यांनी खालच्या विहिरीत पाणी वाढलं आणि ती बंद करावी लागली. वरच्या विहिरींतून गॅस येतो आहे. कॉम्प्रेसर घ्यायचेच ठरले तर ते लहान असतील, त्याचं गणित सध्या ती मुलगी करते आहे.